मीटरमधला विझवलेला दिवा

ज्याला हे खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं मानावं. मला कुणाला पटवायचं नाही.

पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. त्यानं मला ते दोनदा सांगितलं, दोन वर्षांच्या अंतरानं, आणि दोन्ही वेळा शब्दाला शब्द तसंच. थापाड्याची गोष्ट दर खेपेला फुगत जाते. मामाची एका इंचानंही फुगली नाही.

आणखी एक सांगून ठेवतो. भूत म्हटलं की लोकांना काळोख लागतो, कुत्र्याचं रडणं लागतं. इथं तसलं काही नाही. मंगळवार होता. दुपारचा दीड वाजला होता. पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन होतं.

मामा गाड्यांचं वायरिंग करतो. गॅरेजांच्या गल्लीत शेवटचा गाळा त्याचा. दिवे लागत नाहीत, हॉर्न वाजत नाही, गाडी सुरू होत नाही, असली सगळी दुखणी त्याच्याकडे येतात. गल्ली त्याला 'डॉक्टर' म्हणते. निम्मं कौतुकानं, निम्मं चेष्टेनं.

त्या दुपारी एक बाई दोरीनं ओढत आणलेली गाडी घेऊन आल्या. उंच, सडपातळ, अंगावर अजून हॉस्पिटलचा पांढरा कोट. नर्स होत्या, रात्रपाळी दुपारपर्यंत लांबल्यानं तशाच आलेल्या.

"दादा, बॅटरी उतरते. संध्याकाळी चांगली असते, सकाळी मेलेली. चार महिन्यांत तीन बॅटऱ्या बदलल्या."

शेजारचा पंक्चरवाला ट्यूब घासता घासता ओरडला, "अहो डॉक्टर, नर्सबाई आल्यात! आता तरी हात धुवा!"

मामा हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांना हसण्याएवढं त्राण नव्हतं.

"मला पाचला निघायचंय. आई आणि दोन मुलं घेऊन दोनशे किलोमीटर जायचंय. होईल ना?"

"बॅटरी कोण पितंय तेवढं शोधायचंय. पाचला या, गाडी तयार."

"नक्की ना?"

"ताई, तीस वर्षं हेच करतोय."

बाई रिक्षा करून गेल्या. मामा कामाला लागला.

आता हे काम कसं करतात ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बॅटरीची एक तार काढायची आणि मधे एक छोटा दिवा जोडायचा. गाडी पूर्ण बंद असताना तो दिवा पेटला, म्हणजे गाडीत काहीतरी चोरून बॅटरी पितंय. मग एकेक फ्यूज उपटत जायचं. ज्या फ्यूजला दिवा विझेल, चोर त्या लाइनवर.

मामानं दार उघडं ठेवलं आणि दाराच्या कुलपाची कडी स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून बंद केली, म्हणजे दार लागलंय असं गाडीला वाटतं आणि आतला दिवा लागत नाही. मग त्यानं टेस्टचा दिवा जोडला.

पेटला.

"हं. आहे चोर."

एक फ्यूज काढला. दिवा पेटलेलाच. दुसरा. पेटलेलाच. दहा... पंधरा... वीस...

विसाव्या फ्यूजला मामाच्या लक्षात आलं की दिवा नुसता पेटलेला नाही.

तो हलतोय.

म्हणजे जागच्या जागी. हळूहळू उजळायचा... अर्ध्यावर येऊन अडकायचा... आणि मग सुटल्यासारखा मंद व्हायचा. पुन्हा उजळायचा... पुन्हा अडकायचा...

दिव्याच्या तारेचा चिमटा ढिला असेल, म्हणून मामानं तो घट्ट केला. फरक नाही.

अठ्ठावीसच्या अठ्ठावीस फ्यूज काढून झाले. दिवा पेटलेलाच.

याचा अर्थ एकच. कुणीतरी फ्यूज टाळून थेट बॅटरीवरून वायर नेलीय. असलं काम बघितलं की मामाचं डोकं फिरतं.

"कुठल्या गाढवानं केलंय हे!" तो मोठ्यानं म्हणाला. "वायरीला फ्यूज नाही, काही नाही. गाडी पेटली असती म्हणजे? हात तोडले पाहिजेत असल्यांचे!"

"कुणाचे हो?" पंक्चरवाल्यानं विचारलं.

"ज्यानं कुणी हे केलंय त्याचे!"

तो स्टिअरिंगखाली शिरायला गेला. ड्रायव्हरची सीट पार मागे होती, नर्सबाई उंच म्हणून. पाठीवर झोपून त्यानं डॅशबोर्डखाली डोकं घातलं. टॉर्च दातात धरली. स्टिअरिंगच्या डावीकडे एक काळं गोल बटण बसवलेलं होतं, हॉर्नचं. स्टिअरिंगमधला हॉर्न बंद पडला की बरेच कारागीर असलं वेगळं बटण लावून देतात. त्या बटणाच्या मागून एक लाल वायर निघाली होती. सरळ बॅटरीकडे.

सापडला चोर.

मामानं वायर ओढून जॉइंट पुढे घेतला. त्यावर काळी टेप गुंडाळलेली होती. टेपचं टोक शेवटी दुमडून त्याचा छोटा कान ठेवलेला होता. पुढच्या माणसाला टेप सोडवायला सोपी जावी म्हणून.

मामाच्या तोंडातली टॉर्च खाली पडली.

अख्ख्या गल्लीत असा कान एकच माणूस ठेवतो.

तो स्वतः.

* * *

आठ वर्षांपूर्वी गाडी निळी होती. आता करडी आहे. म्हणून ओळखली नाही.

जुन्या गाड्या विकणारा एक दलाल तेव्हा मामाकडे यायचा. गाडी धुऊन-पुसून आरशासारखी करायचा, म्हणून त्याला 'चकचक' म्हणायचे. त्यानं ही गाडी आणली होती. हॉर्न वाजत नव्हता आणि मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागून राहिला होता. दोन्हीचं कारण एकच. स्टिअरिंगच्या आत एक गुंडाळलेली पट्टी असते, तिच्यातून हॉर्नची आणि एअरबॅगची वायर जाते. ती तुटली की हॉर्न जातो आणि एअरबॅगही मरते. धडक बसली तरी फुगा उघडत नाही. म्हणून दिवा लागून राहतो. दिवा खोटं बोलत नसतो.

"पट्टी बदलावी लागेल," मामा म्हणाला होता.

"छे रे! उद्या गिऱ्हाईक येतंय. हॉर्न वाजव आणि दिवा घालव. बाकी मला काही ठाऊक नाही आणि तुलाही नाही."

मामानं हॉर्नला वेगळं बटण लावलं. आणि एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून दिली. चावी फिरवली की दोन्ही दिवे लागणार, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझणार. घेणाऱ्याला वाटणार, सगळं ठणठणीत.

हे लबाडीचं काम आहे. मामानं ते केलं. एकदा नाही, चकचकच्या बऱ्याच गाड्यांना केलं. धंद्यात सगळेच करतात, असं म्हणत केलं. माझा मामा म्हणून मी त्याला सोडणार नाही. नीचपणा तो नीचपणाच.

त्या दुपारी डॅशबोर्डखाली पडल्या पडल्याच त्यानं चकचकला फोन लावला.

"निळी गाडी रे. हॉर्नला बटण लावलेली. आठ वर्षांपूर्वीची. नंतर तिचं काय झालं?"

"ती होय! एका बाईनं घेतली होती. ठेंगणीशी होती, सीट पार पुढे ओढून बसायची. वर्षभरात समोरून ठोकली तिनं. मग मीच परत उचलली, पुढचा भाग बदलला, रंग मारला, खपवली."

"आणि बाई?"

"ती गेली ना. स्टिअरिंगवर आपटली. अर्धा तास जिवंत होती म्हणे आत." चकचक हसला. "फुगा उघडलाच नाही. बरंच झालं म्हणा, नवा टाकायचा खर्च वाचला!"

मामानं फोन ठेवला.

गल्लीत हातोडे चालू होते, कुणीतरी कुणाला शिव्या देत होतं, पंक्चरवाला शीळ घालत होता. सगळं रोजच्यासारखं.

मामा उठायला गेला आणि त्याचं डोकं सीटच्या कडेवर आपटलं.

सीट पुढे आली होती.

पार पुढे. स्टिअरिंगला गुडघे टेकतील इतकी. तो खाली झोपलेला असताना, त्याच्या छातीच्या वरून... आवाज न करता...

* * *

आता इथं माणूस काय करेल? मी विचारलं होतं मामाला. तो म्हणाला, "मी स्वतःला समजावलं. सीटची खिट्टी झिजली असेल."

त्यानं लाल वायर कापली. टेस्टचा दिवा विझला. चोर पकडला, काम संपलं. चारच वाजत होते.

आणि मग त्यानं ठरवलं... काही बोलायचं नाही.

बाईंची तक्रार बॅटरीची होती. बॅटरीचं काम झालं. एअरबॅगबद्दल त्यांनी विचारलंच कुठं? सांगितलं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मेलेली बाई काही परत येत नाही.

असंच म्हणाला तो मनाशी. 'परत येत नाही.'

उतरलेली बॅटरी त्यानं गाडीतून काढली आणि चार्जिंगला बाकावर ठेवली. गाडीत आता वीज नावाची वस्तू नव्हती. बॉनेट उघडं. बॅटरीची जागा रिकामी. दोन्ही तारा हवेत.

मामा हात धुवायला नळाशी गेला.

मागून आवाज आला.

हॉर्नचा.

पूर्ण नाही. घुसमटलेला. क्षणभर... आणि बंद.

"डॉक्टर, एवढ्यात झाली गाडी?" पंक्चरवाल्यानं विचारलं.

मामानं बॅटरीकडे बघितलं. ती बाकावर होती.

पुन्हा हॉर्न. तसाच. क्षणभर...

तो गाडीपाशी आला. हॉर्नच्या बटणाला त्यानं हात लावला नाही. ते दाबलेलं नव्हतं. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा मात्र बाहेर ओढलेला होता. खिट्टीत अडकवलेला. आणि ताठ. करकचून ब्रेक लावल्यावर होतो तसा ताठ, रिकाम्या सीटवर, मधे हातभर पोकळी ठेवून.

त्या पोकळीत कुणी नव्हतं.

मामानं पट्टा सोडवायला हात पुढे केला. त्या पोकळीतली हवा गरम होती. म्हणजे उन्हानं तापलेल्या गाडीसारखी नाही. तोंडावर कुणाचा उच्छ्वास यावा तशी.

त्यानं हात मागे घेतला, आणि तेव्हा त्याची नजर मीटरवर गेली.

एअरबॅगचा दिवा लागला होता.

बसलेला माणूस, समोर गोल फुगा. एवढंसं लाल चित्र. आठ वर्षांपूर्वी मामानं स्वतःच्या हातानं मुकं केलेलं. तेवढंच एक, बाकी अख्खा मीटर काळा.

दिवा हळूहळू उजळला... अर्ध्यावर अडकला... मंद झाला.

मामानं स्क्रू काढले. एक स्क्रू सीटखाली गेला. मीटर बाहेर ओढला, मागची सगळी कनेक्शनं उपटली. मीटर त्याच्या दोन्ही हातांत होता, एकही वायर न लागलेला. प्लॅस्टिकचा नुसता डबा.

दिवा उजळला...

अडकला...

मंद झाला.

* * *

बाई पाचला पाच मिनिटं कमी असताना आल्या. या खेपेला कोट नव्हता. केस विंचरलेले, खांद्याला पिशवी, थोडी झोप झालेला चेहरा.

"झाली ना दादा? मुलं केव्हाची चपला घालून बसलीत. पुढच्या सीटवर कोण यावरून भांडणही झालं."

मामानं मीटर बाकावर पालथा घातलेला होता. दिवा दिसू नये म्हणून.

"बॅटरीचं सापडलं, ताई. हॉर्नच्या वायरचा घोळ होता. पण..." त्यानं हात फडक्याला पुसले. "पण गाडी आज नेऊ नका. एअरबॅग बंद आहे. दिवाही फिरवून ठेवलाय. कुणीतरी पूर्वी..."

हॉर्न वाजला.

या वेळी घुसमटलेला नव्हता. सलग. कान फाटतील असा.

बाई दचकून मागे सरल्या. पंक्चरवाला ट्यूब टाकून उभा राहिला. समोरच्या गॅरेजातले दोघं बाहेर आले. हॉर्न थांबेना.

"दादा, बंद करा ना तो!"

मामा हलला नाही.

बाईंची नजर बॉनेटकडे गेली. मग बाकावरच्या बॅटरीकडे. मग पुन्हा बॉनेटकडे.

"बॅटरी... बाहेर आहे ना?"

"मी केलंय!" मामा ओरडला. हॉर्नच्या वरताण ओरडला. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. "कुणीतरी नाही. मी! दिवा मी घालवला. माहीत असून घालवला. एक बाई गेली त्यापायी!"

हॉर्न थांबला.

एवढी शांतता झाली की ट्यूबमधून सुटणारी हवा ऐकू येत होती.

बाईंनी शिवी दिली नाही. हात उगारला नाही. मामा म्हणतो, दिली असती तर बरं झालं असतं.

त्या एवढंच म्हणाल्या, "स्टिअरिंग छातीत बसलेली माणसं येतात आमच्याकडे. त्यांचा श्वास कसा असतो, माहितीये तुम्हाला?"

मामाची नजर पालथ्या मीटरवर गेली.

"अर्धा आत जातो आणि अडकतो."

मग त्या वळल्या, आणि चालत बसस्टॉपकडे गेल्या.

मामा बाकापाशी गेला. त्यानं मीटर उलटा केला. दिवा विझलेला होता.

* * *

गाडी मामानं पदरच्या खर्चानं दुरुस्त केली. नवी पट्टी, नवी एअरबॅग, दिवा होता तसा जागच्या जागी. बाईंनी ती दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये तपासून घेतली आणि मगच नेली. बरोबर केलं. बॅटरी पुन्हा उतरली नाही.

पण मामाची झोप उडाली. चकचकच्या बाकीच्या गाड्या कुठं होत्या? किती होत्या? वही कुणी ठेवली होती! चकचकनं हात वर केले: "कुठं कुठं शोधणार बाबा, विसर."

मामानं गाळ्यावर पाटी लावली. 'मी पूर्वी एअरबॅगचे दिवे खोटे करून देत होतो. तुमच्या गाडीत हॉर्नला वेगळं बटण असेल तर घेऊन या. फुकट करून देईन.' गल्ली हसली. मग चिडली, म्हणे धंद्याचं नाव घालवतो. गिऱ्हाईक निम्मं झालं. मामी दोन महिने धड बोलली नाही. "पाटीच लावायची होती तर घरावर लाव, म्हणजे मलाही कळेल कुणाशी लग्न केलंय," एवढंच एकदा म्हणाली.

पाटी वाचून एकही गाडी आली नाही.

आणि मग एक आली. पांढरी, हॉर्नला वेगळं बटण असलेली. चालवणारा गृहस्थ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारा, या गल्लीत कधी न आलेला.

"तुम्हाला पाटीचं कुणी सांगितलं?" मामानं विचारलं.

"कुठली पाटी? सिग्नलला उभा होतो. एका बाईंनी काचेवर टकटक केली. तुमची गल्ली, तुमचा गाळा, सगळं सांगितलं. म्हणाल्या, आजच जा."

"कशा होत्या?"

"ठेंगण्याशा. छातीशी हात धरून बोलत होत्या. दम लागल्यासारखं."

मामानं गाडी उघडली. डॅशबोर्डखाली काळी टेप होती. टेपला कान होता.

तिच्यासकट दोन वर्षांत पाच गाड्या आल्या. पाचही जणांना ती कुठल्या ना कुठल्या सिग्नलला भेटलेली. कधी भर सकाळी, कधी पावसात, पण अंगावर थेंब नाही. एका बाईच्या गाडीत मागच्या सीटवर पोर झोपलं होतं. तिला म्हणाली, पोराला उठवू नका, पण जा.

मामानं आता विचारणं सोडलंय. गाडी आली की मुकाट्यानं कामाला लागतो.

परवा सहावी आली. मी गाळ्यावरच बसलो होतो, म्हणून हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. चालवणारा विशीतला पोरगा होता, घाईत. चावी मामाच्या हातात देताना म्हणाला, "हां, त्या बाईंनी तुम्हाला निरोप दिलाय."

मामाचा हात तसाच राहिला.

"म्हणाल्या, अजून नऊ आहेत."

मामा मान हलवून डॅशबोर्डखाली शिरला. पान्ह्याचे दोन-तीन आवाज आले. मग आतून त्यानं मला हाक मारली, अगदी हळू.

"भाच्या... नऊ झाल्यावर ती काय करेल रे?"

मला काय ठाऊक. मी टॉर्च त्याच्याकडे सरकवली.